किरकोळ सुधारणा

नामपूरहून आलेल्या त्या पत्राला मी बरेच दिवस उत्तर दिलं नाही. दिवाळी संपली त्या सुमारास ते आलं आणि निफाडकडून द्राक्षांच्या गाड्या भरून निघायला लागल्या, तरी ते माझ्या टेबलावर शब्दकोशाखालीच होतं. शब्दकोशाखाली ठेवलं की ते दिसणार नाही असं वाटलं होतं. पण शब्दकोश मी रोज उघडतो.

पत्र वर घेऊन आली सुधा. "तुम्हाला पत्र? हाताने लिहिलेलं? कोण हो ही उज्वला आहेर?" असं विचारत तिने ते माझ्या पुढ्यात ठेवलं आणि उत्तर ऐकायला तिथेच उभी राहिली. बायको म्हणून तिला तेवढा हक्क आहे. पण मला खरंच ठाऊक नव्हतं. पाकिटावर माझं पूर्ण नाव होतं, इमारतीचं नाव, फ्लॅट नंबर, गंगापूर रोड, पिनकोड. हा पत्ता असा नीट एकाच ठिकाणी लिहिलेला सापडतो. ॲपच्या स्टोअरमध्ये ॲप बनवणाऱ्याचा पत्ता द्यावा लागतो, तिथे.

निवृत्तीनंतर मी एक ॲप बनवलं, हे सांगायला मला अजून संकोच वाटतो. मी ग्रंथपाल होतो. पुस्तकं आणून, समोर ठेवून, दोन वर्षं धडपडून शिकलो. ॲपचं नाव 'टाचण'. उघडलं की एक पांढरं पान येतं. त्यावर मराठीत लिहायचं. पहिली ओळ आपोआप शीर्षक होते, बाकी मजकूर खाली. जाहिरात नाही, पासवर्ड नाही, लिहायला इंटरनेट लागत नाही. माझा मुलगा देवव्रत पुण्याहून म्हणाला होता, "बाबा, हे बालवाडीतल्या पाटीसारखं आहे." ते कौतुक होतं की नाही, मी विचारलं नाही. काही शे लोकांनी ते घेतलं. एवढे लोक का घेतात याचंच मला नवल वाटे.

उज्वलाचं पत्र वहीच्या दोन पानांवर होतं. ती नामपूरला प्राथमिक शाळेत शिकवते. तिचे वडील सावळीराम, घरात सगळे त्यांना नाना म्हणत, नामपूरच्या कांदा मार्केटमध्ये लिलाव पुकारायचे. त्यांचा आवाज ट्रॅक्टरच्या रांगेच्या शेवटच्या टोकाला जायचा, असं तिने लिहिलं होतं. मग त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. तेव्हापासून नाना 'टाचण'मध्ये लिहून बोलत. लिहायचं, फोन समोरच्याकडे वळवायचा. चहा हवा, बिया आणल्या का, अमक्याला किती भाव मिळाला, तमका खोटं बोलतो. भांडणंसुद्धा तशीच. पुसायचे मात्र नाहीत. बोललेलं कोणी पुसतं का, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या बायकोला, म्हणजे उज्वलाच्या आईला, कुसाबाईंना, वाचता येत नव्हतं. सुरुवातीला नाना फोन दाखवत आणि त्या दुसऱ्या कुणाला हाक मारत. प्रत्येक वेळी घरात कोणी असेलच असं नाही. मग त्या शिकल्या. शाळेत जाऊन नव्हे. नवऱ्याचं बोलणं वाचता वाचता, साठीच्या पुढे. नाना वैशाखात गेले. त्यानंतर कुसाबाई रोज संध्याकाळी फोन घेऊन बसत आणि त्यातलं थोडं थोडं वाचत.

"दिवाळीत ॲप आपोआप अपडेट झालं," उज्वलाने लिहिलं होतं. "त्यानंतर सगळं गेलं आहे. एकच टिपण उरलं आहे. वर 'श्री' आणि खाली 'पंखा कमी कर' एवढंच. सर, बाकीचं परत येईल का? काय करावं लागेल ते लवकर कळवा. आई आता तेवढंच एक वाचते." खाली फोन नंबर होता.

'श्री' हा शब्द वाचला तेव्हाच मला संशय आला. पण मला खात्री करून घ्यायची होती. संगणक उघडून मी माझीच जुनी ओळ न् ओळ वाचत बसलो आणि दुपारच्या जेवणापर्यंत खात्री झाली.

दरवर्षी स्टोअरचा निरोप येतो की ॲप नव्या नियमांना जुळवून घ्या, नाहीतर नव्या फोनवर ते दिसणार नाही. गेल्या वर्षीचा नियम असा होता की टिपणं फोनच्या सामायिक जागेत ठेवता येणार नाहीत, प्रत्येक ॲपने आपल्या खोलीत ठेवायची. म्हणजे लोकांची सगळी टिपणं जुन्या जागेतून नव्या जागेत हलवायला हवी होती. ते काम करणारा भाग मी लिहिला. जुन्या जागेत प्रत्येक टिपणाच्या नावापुढे एक क्रमांक असे. यादीत तो दिसायला वाईट दिसे, म्हणून हलवताना मी तो काढून टाकला. नाव एकच असलेली दोन टिपणं आली, तर पहिलं पुसून दुसरं त्याच्या जागी बसलं. तिसरं दुसऱ्याच्या. सगळं हलवून झालं की जुनी जागा रिकामी करायची, अशीही ओळ मी घातली होती. पसारा मला आवडत नाही.

मी तपासून पाहिलं नव्हतं असं नाही. 'चाचणी एक', 'चाचणी दोन', 'चाचणी तीन' अशी टिपणं करून पाहिली होती. तिन्ही व्यवस्थित आली.

पण सावळीराम आहेर काहीही लिहिताना आधी वर 'श्री' लिहीत. त्यांच्या पिढीचा माणूस दुसरं काय करणार? मीही पोस्टकार्डापासून किराणा यादीपर्यंत प्रत्येक कागदावर आधी 'श्री' लिहितो. त्यांच्या प्रत्येक टिपणाचं शीर्षक तेच होतं. त्यांचं सगळं बोलणं एकमेकांच्या अंगावर पडत गेलं आणि अगदी शेवटचं वर राहिलं.

आयुष्यभर मी पुस्तकांवर दाखल क्रमांक टाकले. एकाच नावाची दहा पुस्तकं असतात, म्हणून क्रमांक असतो. हे मी दर वर्षी नव्या मदतनिसांना समजावून सांगत असे. आणि तोच क्रमांक मी वाईट दिसतो म्हणून काढला.

दुसऱ्या दिवशी मी चूक दुरुस्त केली आणि नवी आवृत्ती पाठवली. नव्या आवृत्तीत काय बदललं ते लिहायला एक चौकोन असतो. मी नेहमी लिहितो तेच लिहिलं: 'किरकोळ सुधारणा.'

मग उत्तर लिहायला बसलो. पहिल्या खर्ड्यात दीड पान नियमांचं झालं. ते वाचून माझं मलाच वाटलं की हा माणूस सुटू पाहतोय. दुसऱ्यात क्षमायाचना इतकी होती की उज्वलालाच माझी समजूत काढावी लागली असती. तिसऱ्यात 'टिपणं नष्ट झाली' असं आलं, जणू ती आपली आपण गेली. मी तेही फाडलं. हिवाळा आला. मी रोज एखादा परिच्छेद लिहीत होतो.

"अहो, उत्तर लिहिताय की पीएच.डी. करताय?" सुधा म्हणाली.

"नीट लिहायला हवं ना."

"तिने नंबर दिलाय. फोन करा आणि मोकळे व्हा."

"फोनवर काय बोलू?"

"जे खरं असेल ते. तुम्हाला माणसाशी बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. लग्नाआधी तुम्ही मला पत्रं लिहायचात, भेटलात की छताकडे बघायचात. मला वाटलं, यांच्या मानेत काही आहे."

ती उठली, फोन आणला, नंबर स्वतःच लावला आणि माझ्या हातात दिला. मला वाटलं उज्वला उचलेल. पण आवाज म्हातारा होता, बोली अहिराणी वळणाची; कुसाबाईच असाव्यात.

"हॅलो? कोन बोलतं?"

"मी नाशिकहून... उज्वलाताई आहेत का?"

"ती शाळेत गयी." मग जरा थांबून, "नासिकवाला भाऊ शे का? ते ॲपवाला?"

"हो."

"बरं झालं बा. उज्वलानी पत्र टाकेल होतं. भेटलं ना?"

"भेटलं."

"मग ते बाकीनं येईल ना परत? इथं तो पंखावाला एकच शे." त्या हसल्या. "थंडी पडनी तरी मी पंखाच वाचस."

सुधा माझ्याकडे बघत होती. सांगायची दोनच वाक्यं होती आणि दोन्ही मला पाठ होती.

"बघतो," मी म्हणालो. "मी बघतो हं."

"बघा भाऊ. घाई नाय. आरामात बघा."

फोन ठेवल्यावर सुधा आत गेली. तिने कुकर लावला. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर उत्तर लिहिणं आणखी अवघड झालं, कारण आता माझ्या त्या 'बघतो'चंही उत्तर द्यायचं होतं. खरंच बघावं, असं शेवटी वाटलं. मेन रोडच्या एका गल्लीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पुसलेलं परत मिळवून देऊ, अशी पाटी मी जाता येता वाचत असे. एके दुपारी उज्वलाचं पत्र खिशात घालून तिथे गेलो. आत जाण्याआधी शेजारच्या दुकानातल्या छत्र्या बराच वेळ पाहिल्या.

दुकानदाराचं नाव रविराज. तिशीतला, बोलका माणूस.

"या काका. डिस्प्ले का बॅटरी?"

"नाही. एक विचारायचं होतं. समजा, एखाद्याच्या फोनमधून काही पुसलं गेलं..."

"समजा एखाद्याच्या, म्हणजे तुमच्याच ना?" तो हसला. "सगळे असंच सुरू करतात. लाजू नका. काय होतं, फोटो?"

"टिपणं. लिहिलेला मजकूर."

"फोनमध्ये होतं का मेमरी कार्डात?"

"कार्डात." उज्वलाने ते लिहिलं होतं. फोन जुना असल्यामुळे नानांनी सगळं कार्डात ठेवलं होतं.

"मग चान्स आहे की!" त्याने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "काका, कार्डातलं पुसलं म्हणजे लगेच जात नाही. त्याच्यावर दुसरं काही पडेपर्यंत ते तिथंच पडून असतं. फक्त तो फोन वापरायचा नाही. कार्ड काढून ठेवलंय ना?"

मी पुस्तकात हे वाचलं होतं. नंतर आठवलं, खुणेचा कागदही घातला होता त्या पानावर.

"काका? काढलंय ना कार्ड?"

"मी त्यांना सांगितलं नाही."

"अहो मग लावा ना फोन! द्या नंबर, मी बोलतो." मी पत्र पुढे केलं आणि फोन तिच्या वडिलांचा होता, एवढं सांगितलं. त्याने स्वतःच्या फोनवरून नंबर लावला आणि आवाज मोठा केला. या वेळी उज्वलाने उचलला.

"ताई, नाशिकहून बोलतोय, मोबाइलच्या दुकानातून. तुमच्या वडिलांचं काही गेलंय ना फोनमधलं? ते कार्ड कुठंय?"

"फोनमध्येच आहे. का?"

"वापरलं का नंतर?"

"मार्गशीर्षात देवळ्याला लग्न होतं मावसभावाचं. सगळे व्हिडिओ याच फोनवर काढले. कार्ड भरलं, मग दुसऱ्या एका मावसभावाने ते फॉरमॅट करून दिलं, आणि मग हळदीपासून परत... का हो? करायला नको होतं का?"

रविराजने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मग तो तिला म्हणाला, "मग अवघडच आहे ताई. गेलंच म्हणा. ॲप कोणतं होतं? ही फुकटची ॲपं असतात ना, यांच्यावर विसंबायचं नाही. बनवतात आणि सोडून देतात."

"नाही हो, ते नाशिकचेच गृहस्थ आहेत. वयस्कर आहेत. मी पत्र पाठवलं होतं त्यांना, दिवाळी झाल्या झाल्या. आईला फोनवर म्हणाले बघतो. आई रोज विचारते, नासिकवाल्या भाऊचा फोन आला का." ती थांबली. "पण तुम्हाला आमचा नंबर कुणी दिला?"

पत्र काउंटरवर उघडं पडलं होतं. पोस्टाचा शिक्का, कार्तिकातला. लग्न मार्गशीर्षातलं. मधल्या दिवसांत 'कार्ड काढून ठेवा' एवढं एका पोस्टकार्डावर लिहून पेटीत टाकलं असतं तरी पुरलं असतं. त्या दिवसांत मी दुसरा खर्डा लिहीत होतो.

मी पुढे झालो आणि फोनजवळ तोंड नेलं. "मीच तो. ॲपवाला."

रविराजने कुठेतरी दुसरीकडे पाहिलं.

"सर," उज्वला म्हणाली, "काहीच येणार नाही ना?"

"नाही."

"बरं." तिचा श्वास ऐकू आला. "मग तसं लिहून पाठवा. मी सांगितलं तर आईला वाटेल मी तिच्या विचारण्याला कंटाळले. फोनवरचंही तिला खरं वाटत नाही. कागदावर आलं तर मानेल. तिला वाचता येतं आता. फक्त अक्षर मोठं काढा आणि जोडाक्षरं फार नकोत."

मी आणखी काही म्हणणार होतो. पण फोन बंद झाला होता.

"सॉरी काका," रविराज म्हणाला. "मला काय माहीत." मी पैसे विचारले, तर तो म्हणाला, कशाचे?

घरी येऊन मी टेबलाशी बसलो. मोठं म्हणजे किती मोठं, हा प्रश्न पडला. 'टाचण'मध्ये सर्वांत मोठ्या अक्षरांची एक सोय आहे, अंगठ्याएवढी अक्षरं येतात. ती मी सुरुवातीला केली नव्हती, पुढे कुणाच्या तरी सांगण्यावरून केली होती. कुणाच्या, ते आठवेना. ॲपमधून लोक निरोप पाठवतात ते सगळे मी जपून ठेवतो. उत्तर देत नाही, पण जपतो. ते शोधत गेलो आणि सापडलं.

'श्री. सर, अक्षर याहून मोठं होईल का. घरची शिकते आहे. सावळीराम आहेर, नामपूर.'

ते मी तेव्हा वाचलं होतं. पुढच्याच आवृत्तीत अक्षर मोठं केलं होतं. त्यांना मात्र काहीच कळवलं नव्हतं. त्या आवृत्तीच्या चौकोनात काय लिहिलं होतं ते मी मुद्दाम काढून पाहिलं. 'किरकोळ सुधारणा.'

त्याच दिवशी स्टोअरचा यंदाचा निरोप आला होता: महिनाअखेर जुळवून घ्या, नाहीतर ॲप दिसणार नाही. मी तो वाचला आणि तसाच ठेवला. जुळवून घेणार नाही. आणखी कुणाच्या तरी घरात माझ्या हाताने काही हलवायला मला आता भीती वाटते. दिसेनासं होईल, त्यात कुणाचं काही जाणार नाही, असं वाटतं. पण माझ्या वाटण्याचा भरवसा मला राहिलेला नाही.

मग चित्रकलेचा जाड कागद आणि काळं स्केचपेन घेतलं. वर 'श्री' लिहिलं. ते जोडाक्षरच आहे, पण बहुधा त्यांनी पहिलं वाचलेलं अक्षर तेच असेल. खाली, अंगठ्याएवढ्या अक्षरांत:

'कुसाबाई, माझं काम चुकलं. सावळीरामभाऊ बोलले ते सगळं गेलं. ते आता परत येणार नाही. मी फोनवर बघतो बोललो, ते खरं नाही. चूक माझी आहे.'

कागद तेवढ्यात भरला. दुसऱ्या कागदावर लिहिलं, 'हे एक माझेकडे होतं. ते पाठवतो.' आणि त्याखाली नानांचा निरोप जसाच्या तसा उतरवला. उतरवताना हात थांबला. हे मी त्यांच्यासाठी करतोय की मला थोडं बरं वाटावं म्हणून? कळलं नाही. पण ते बोलणं माझं नव्हतं, म्हणून ठेवून घेण्याचा प्रश्न नव्हता.

सुधाला दाखवलं. तिने चष्मा लावून दोन्ही कागद वाचले. वाचायला वेळ लागण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी लागला.

"हे वाचून ती बाई रडेल," ती म्हणाली.

"हो."

"मग आपण काय मिळवलं?"

"ती वाट बघतेय गं. रोज."

सुधाने पाकीट आणलं. मी घडी घातली, तर कागद जाड असल्यामुळे ती नीट बसेना. तिनेच नखाने दाबून बसवली, तिकीट लावलं आणि म्हणाली, "जा आता. उद्या सकाळी म्हणाल, एक वाक्य बदलायचंय."

तसं माझ्या मनात आलंही होतं. 'चुकलं' पुरेसं आहे का, असं जिना उतरताना वाटत होतं. कोपऱ्यावरची टपालपेटी हल्ली कुणी वापरत नाही. तिच्यापुढे एक फळवाला द्राक्षांची गाडी लावतो. त्याला गाडी जरा सरकवायला सांगावं लागलं. मी दोनदा सांगितलं, पहिल्यांदा त्याला ऐकू गेलं नाही.

"टाका की काका," तो गाडी मागे घेत म्हणाला.

मी पाकीट आत सोडलं. खाली पत्र्यावर पडल्याचा आवाज आला. पेटी रिकामी असावी.